आवाज नेमका कुठे अडला? लिनक्सवर शाळेचा रेडिओ लावताना



आजचा पाठ एका फसलेल्या परिपाठापासून सुरू करतो.

जुलैचे दिवस होते. मैदानावर चिखल, व्हरांड्यात सगळी मुलं मावत नाहीत, म्हणून पाऊस असेपर्यंत परिपाठ वर्गावर्गांत ऐकवायचा असं ठरलं. संगणक कक्षात एक जुना संगणक होता, त्यावर उबुंटू टाकलेलं. त्याला माईक जोडायचा, त्यावर आइसकास्ट हे मोफत सॉफ्टवेअर चालवायचं आणि शाळेच्या वायफायवरून आवाज बारा वर्गांत पोचवायचा. वर्गात शिक्षकांचा मोबाईल आणि त्याला जोडलेला छोटा स्पीकर. खर्च जवळपास शून्य. कल्पना माझी, त्यामुळे जबाबदारीही माझीच.

आदल्या संध्याकाळी चाचणी घेतली. संगणकावर शाळेच्या घंटेची रेकॉर्ड केलेली फाइल वाजवली, तीन वर्गांत जाऊन ऐकली. खणखणीत! मी खुशीत घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सहावीतली एक मुलगी दिनविशेष आणि सुविचार वाचायला आली. एरवी वर्गात फारसं न बोलणारी. आठ दिवस घरी सराव केला होता, हातातला कागद घड्या घालून घालून मऊ पडलेला. ती दहा मिनिटं बोलली आणि एकदाही अडखळली नाही. माझ्या पडद्यावर 'जोडलेले आहे' असं दिसत होतं, वेळ पुढे सरकत होती, बारा श्रोते दिसत होते. तिचं संपत आलं तेव्हा आठवीतला एक मुलगा धावत आला आणि म्हणाला, "सर, मॅडम विचारतायत, कधी सुरू होणार?"

बाराही वर्गांत एक शब्द पोचला नव्हता. त्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मला काय बोलावं ते सुचेना.

त्या दुपारी मी जे केलं ते तुम्ही करू नये म्हणून हा पाठ लिहितो आहे. घाईघाईने मी आइसकास्ट काढून पुन्हा टाकलं, पासवर्ड बदलला, सेटिंगच्या फाइलमध्ये दोन-चार ठिकाणी हात घातला. संध्याकाळपर्यंत मूळ बिघाड तसाच राहिला आणि दोन नवे तयार झाले. सकाळी निदान श्रोते तरी जोडले जात होते, आता तेही बंद.

गावाकडच्या नळाचं उदाहरण घ्या. नळाला पाणी आलं नाही तर आपण लगेच नळ बदलत नाही. आधी टाकी भरली आहे का ते बघतो, मग व्हॉल्व, मग पाइप, शेवटी तोटी. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण पहिल्यांदा तोटीच उपटतो. आवाजाचीही अशीच एक वाट असते. ती माहीत असली तर बिघाड शोधायला अर्धा तास पुरतो, नसली तर दिवस जातो.

आवाजाची वाट

माईकमधून निघालेला आवाज आधी साउंड कार्डात जातो. तिथे त्याचे आकडे होतात. साउंड कार्डाशी बोलण्याचं काम लिनक्सच्या गाभ्यातली अल्सा ही व्यवस्था करते. तिच्यावर आणखी एक थर असतो, तो म्हणजे पल्सऑडिओ किंवा पाइपवायर. एकाच वेळी ब्राउझर, व्हिडिओ, रेकॉर्डिंग असं सगळं चाललेलं असताना कुणाचा आवाज कुठे जायचा, याची वाटणी हा थर करतो. उबुंटूच्या २२.०४ आवृत्तीपर्यंत हे काम पल्सऑडिओ करत असे, २२.१० पासून पाइपवायर करतं. गंमत म्हणजे पाइपवायर जुन्या प्रोग्रामांशी पल्सऑडिओच्याच भाषेत बोलतं, त्यामुळे पुढे दिलेली साधनं दोन्हीकडे चालतात.

इथून आवाज पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जातो. आम्ही 'बट' वापरतो. नाव विचित्र आहे खरं, पण ते 'ब्रॉडकास्ट यूझिंग धिस टूल' या शब्दांची आद्याक्षरं जोडून केलेलं आहे. बट आवाजाचं एमपीथ्री किंवा तत्सम रूपात आकुंचन करून तो आइसकास्टला देतं. आइसकास्ट हा सर्व्हर. तो स्वतः काही रेकॉर्ड करत नाही, काही ऐकतही नाही. एका बाजूने आलेला प्रवाह घ्यायचा आणि जितके श्रोते जोडले आहेत तितक्यांना वाटायचा, एवढंच त्याचं काम. शेवटी श्रोत्याचा मोबाईल.

आता माझ्या पडद्यावर काय दिसत होतं ते पुन्हा आठवा. 'जोडलेले आहे' हे बट सांगत होतं, म्हणजे बट आणि आइसकास्ट यांच्यामधला पाइप शाबूत होता. बारा श्रोते आइसकास्ट सांगत होतं, म्हणजे पुढचा पाइपही शाबूत. पण टाकीत पाणी आहे का, याबद्दल दोघांपैकी कोणीही बोलत नव्हतं. मी ज्याला 'सगळं ठीक' समजलो, ते फक्त अर्ध्या वाटेबद्दलचं प्रमाणपत्र होतं.

इथे एक हिशेब करून बघा, मुलांना तो आवडतो. आम्ही ६४ केबीपीएस एमपीथ्री वापरत होतो, म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट, म्हणजे ८,००० बाइट. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. ८,००० गुणिले ६०० म्हणजे ४८,००,००० बाइट, अर्थात ४.८ एमबी. ठरावीक दराच्या एमपीथ्रीमध्ये शांततेलाही तितकेच बाइट लागतात. म्हणून पाठवलेल्या डेटाचा आकडा वाढताना दिसला तरी आवाज जातो आहे असं समजू नका. त्या दिवशी आम्ही प्रत्येक वर्गाला ४.८ एमबी शांतता पाठवली!

सुरुवात माईकपासून

खाली दिलेल्या आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. टर्मिनलमध्ये त्या अर्थातच इंग्रजी लिपीत टाइप करायच्या, लहान अक्षरांत. मोठं अक्षर हवं असेल तिथे सांगतो.

पहिली गोष्ट डोळ्यांनी बघा. डेस्कटॉप संगणकाला मागे तीन छिद्रं असतात. गुलाबी माईकचं, हिरवं स्पीकरचं, निळं बाहेरून येणाऱ्या लाइनचं. पिन हिरव्यात असेल तर जगातलं कुठलंही सेटिंग तुम्हाला वाचवणार नाही. मोबाईलच्या इअरफोनची पिन, म्हणजे तीन काळ्या पट्ट्या असलेली, गुलाबी छिद्रात घालून माईक चालेल अशी अपेक्षाही ठेवू नका. तिच्यासाठी वेगळा जोड मिळतो.

मग टर्मिनल उघडून 'एरेकॉर्ड', एक जागा सोडून उणे चिन्ह आणि एल, असं लिहा. रेकॉर्डिंग करू शकणाऱ्या कार्डांची यादी येते. यूएसबी माईक असेल तर तो इथे वेगळं कार्ड म्हणून दिसला पाहिजे. समजा तो कार्ड क्रमांक १, डिव्हाइस ० असा दिसला. आता पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग करायचं. 'एरेकॉर्ड'नंतर उणे मोठा डी आणि 'प्लगएचडब्ल्यू:१,०', मग उणे लहान डी आणि ५, मग उणे एफ आणि 'सीडी', शेवटी फाइलचं नाव. मोठा डी म्हणजे डिव्हाइस, लहान डी म्हणजे ड्युरेशन. मुलं इथे हमखास गोंधळतात आणि खरं सांगायचं तर मीही गोंधळलो होतो.

'प्लगएचडब्ल्यू' कशाला, नुसतं 'एचडब्ल्यू' का नाही? बरेच यूएसबी माईक एकाच चॅनेलचे असतात. 'एचडब्ल्यू' म्हटलं की अल्सा कार्डाकडे जसंच्या तसं मागते, आणि एक चॅनेलवाल्याकडे दोन मागितले की तो नकार देतो. 'प्लग' हा मधला दुभाषी, तो आवश्यक ते रूपांतर करून घेतो. आणि कार्ड कुणी दुसऱ्याने अडवून ठेवलं असेल तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असा संदेश येतो. तो बिघाड नव्हे, फक्त रांग आहे. बट बंद करून पुन्हा प्रयत्न करा.

तयार झालेली फाइल 'एप्ले' या आज्ञेने ऐका. फाइल बनली म्हणजे आवाज आला असं नाही हं! सीडीच्या दर्जाने सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, दोन चॅनेल. पाच सेकंदांची फाइल सुमारे ८ लाख ८२ हजार बाइटची होणार, मग तुम्ही भाषण करा नाहीतर गप्प बसा.

फाइलमध्ये शांतता असेल तर 'अल्सामिक्सर' ही आज्ञा द्या. काळ्या पडद्यावर रंगीत खांब दिसतात. एफ६ दाबून योग्य कार्ड निवडा, एफ४ दाबून रेकॉर्डिंगच्या बाजूला जा. तिथे माईकच्या खांबाखाली 'कॅप्चर' हा शब्द दिसला पाहिजे, नसेल तर स्पेस दाबा. काही संगणकांत पुढचा माईक, मागचा माईक आणि लाइन यांतून एक निवडायची सोय असते, आणि ती नेमकी रिकाम्या छिद्राकडे वळलेली असते. आवाज फार बारीक असेल तर 'माईक बूस्ट' एक पायरी वाढवा. एकदम शेवटपर्यंत नेलं की पंख्याची घरघर आधी ऐकू येते आणि मूल नंतर.

माझी खरी चूक

आमच्या माईकची ही परीक्षा पास झाली. आवाज स्वच्छ. म्हणजे टाकी भरलेली होती आणि बटच्या पुढचा पाइपही ठीक होता. मग अडलं ते मधल्या वाटणीच्या जागी.

'पावूकंट्रोल' नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर आहे, नसेल तर टाकून घ्या. बट चालू ठेवून त्यातला 'रेकॉर्डिंग' हा भाग उघडला. तिथे कोणता प्रोग्राम कुठून आवाज घेतो आहे ते दिसतं. बटच्या समोर लिहिलं होतं 'मॉनिटर ऑफ बिल्ट-इन ऑडिओ'. झालं, सापडला!

हे मॉनिटर प्रकरण नीट समजून घेऊ, कारण लिनक्सवर आवाज पाठवणारा जवळजवळ प्रत्येक जण यात एकदा तरी अडकतो. प्रत्येक स्पीकरसाठी ही व्यवस्था एक आरसा तयार करते. स्पीकरकडे जो आवाज जातो आहे, त्याची प्रत या आरशात मिळते. संगणकावर वाजणारं गाणं किंवा व्हिडिओचा आवाज पाठवायचा असेल तर हा आरसा फार उपयोगाचा. पण माईकचा आवाज स्पीकरकडे जातच नाही, त्यामुळे आरशात तो दिसणार नाही. माईकसमोर कितीही मोठ्याने ओरडा, मॉनिटर शांतच राहणार.

आदल्या संध्याकाळी घंटेची फाइल वाजवून चाचणी घेतली, तेव्हा मीच बटला मॉनिटरवर लावलं होतं. आणि कोणत्या प्रोग्रामला कुठला स्रोत दिला होता, हे ही व्यवस्था लक्षात ठेवते. दुसऱ्या दिवशी बट उघडल्यावर तिने इमाने इतबारे पुन्हा मॉनिटर दिला. मी चाचणी एका वाटेची घेतली आणि परिपाठ दुसऱ्या वाटेने सोडला. दोष ना लिनक्सचा, ना बटचा.

आणखी एक कबुली. बटच्या खिडकीत आवाजाच्या पातळीची पट्टी असते. बोललं की ती हलते. ती दहा मिनिटं निपचित पडलेली माझ्या डोळ्यांसमोर होती. मी 'जोडलेले आहे' हेच वाचत बसलो होतो.

उपाय दोन सेकंदांचा. त्या नोंदीसमोरच्या यादीतून मॉनिटरऐवजी माईक निवडायचा. पट्टी नाचायला लागते. टर्मिनलवरूनच बघायचं असेल तर 'पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सोर्सेस' ही आज्ञा सगळे स्रोत दाखवते. ज्यांच्या नावाच्या शेवटी 'डॉट मॉनिटर' आहे ते आरसे, बाकीचे खरे.

एक सवय मात्र सोडा. काही चाललं नाही की आज्ञेच्या आधी 'सुडो' लावायची. बटसारखा प्रोग्राम सुडोने चालवला तर तो रूट या वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने उघडतो, आणि आवाजाची व्यवस्था तुमच्या नावाने चाललेली असते. मग बहुतेक वेळा त्याला एकही माईक दिसत नाही. अधिकार वाढवले आणि काम बंद पडलं, अशी ही उलटी गंमत आहे.

आइसकास्टची नोंदवही

आता त्या दुपारी मी जे दोन नवे बिघाड तयार केले त्यांच्याकडे येऊ.

आइसकास्ट काढून पुन्हा टाकल्याने काहीच बदललं नव्हतं. विंडोजची सवय असलेल्यांना हे पटत नाही. उबुंटूमध्ये 'एपीटी रिमूव्ह' प्रोग्राम काढतं, पण सेटिंगच्या फाइल्स जागेवरच ठेवतं. पुन्हा टाकलं की नवा प्रोग्राम जुनीच सेटिंग वाचतो. त्या फाइलसुद्धा काढायच्या तर 'पर्ज' लागतं. पण त्याची वेळ फार क्वचित येते. सेटिंग चुकलं असेल तर सेटिंगच दुरुस्त करावं.

ही सेटिंग ईटीसी फोल्डरमधल्या आइसकास्ट२ या फोल्डरात, आइसकास्ट डॉट एक्सएमएल या फाइलमध्ये असतात. हात लावण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा. मी ठेवली नव्हती. उलट शिस्तीने वागण्याच्या नादात फाइलमध्ये एक शेरा लिहिला, आज काय बदललं ते. आणि शेरा उठून दिसावा म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना रांगेने उणे चिन्हं मारली. एक्सएमएलचा नियम असा की शेऱ्याच्या पोटात दोन उणे चिन्हं लागोपाठ येता कामा नयेत. फाइल अवैध ठरली आणि आइसकास्ट सुरूच होईना. सजावट नडली!

हे कळलं ते नशिबाने नव्हे. 'सिस्टिमसीटीएल स्टेटस आइसकास्ट२' ही आज्ञा दिली, तर सेवा बंद पडल्याचं आणि सेटिंगची फाइल वाचता न आल्याचं कळलं. मग 'एक्सएमएललिंट'ने फाइल तपासली, त्याने चुकलेल्या ओळीचा क्रमांकच दिला. सेवा चालू असताना काही बिनसलं तर व्हीएआर फोल्डरमधल्या लॉग या फोल्डरात आइसकास्ट२ नावाचं फोल्डर बघा. तिथे एरर डॉट लॉग आणि ॲक्सेस डॉट लॉग अशा दोन वह्या असतात. पहिल्या वहीत तक्रारी, दुसरीत कोण आलं कोण गेलं. 'टेल' या आज्ञेला उणे एफ जोडून वही उघडी ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत बट जोडायचा प्रयत्न करा. तक्रार तुमच्या डोळ्यांदेखत लिहिली जाते. इंग्रजी वाचायचा कंटाळा करू नका, चारच शब्द असतात.

दुसरा बिघाड पासवर्डचा. त्या फाइलमध्ये तीन पासवर्ड असतात, सोर्स, रिले आणि ॲडमिन. बटला लागतो तो सोर्सचा. मी ॲडमिनचा बदलला आणि तोच बटमध्ये लिहिला. अशा वेळी ४०१ हा क्रमांक दिसतो, त्याचा अर्थ 'ओळख पटली नाही'. ४०४ दिसला तर श्रोत्याने माउंटपॉइंट चुकीचा लिहिला आहे, किंवा अजून कुणी प्रवाह सोडलेलाच नाही. माउंटपॉइंट म्हणजे पत्त्याच्या शेवटी तिरक्या रेषेनंतर येणारं नाव, समजा परिपाठ. ते बटमध्ये आणि मोबाईलवर अक्षरन् अक्षर सारखं हवं. ४०३ दिसला तर बहुधा त्या नावावर आधीच कुणीतरी जोडलेलं आहे. आमच्याकडे एकदा बट दोनदा उघडलं गेलं होतं. आणि हो, सोर्सचा मूळ पासवर्ड 'हॅकमी' असा असतो. तो तसाच ठेवू नका, नववीची मुलं हुशार असतात.

नववीच्या मुलांवरून आठवलं. एका शुक्रवारी आइसकास्ट सुरू होईना, वहीत तक्रार की ८००० क्रमांकाचं पोर्ट उघडता येत नाही. आइसकास्टचं नेहमीचं पोर्ट ८०००. पायथनच्या छोट्या वेब सर्व्हरचंही नेहमीचं पोर्ट ८०००, आणि आदल्या तासाला मुलांनी याच संगणकावर तो सराव करून चालू ठेवला होता. एका दारावर दोन वॉचमन उभे राहत नाहीत. 'एसएस' या आज्ञेला उणे एलटीएन जोडलं की कोणकोणती दारं उघडी आहेत ते दिसतं. आधी सुडो लावून त्यात पी मिळवला, म्हणजे एलटीएनपी, तर दारावर कोण उभा आहे तेही कळतं.

फाइल बदलली की 'सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट आइसकास्ट२' करायलाच हवं, या आज्ञेआधी सुडो मात्र योग्य आहे. फक्त परिपाठ चालू असताना करू नका, सगळे श्रोते तुटतात.

वर्गापर्यंतचा रस्ता

एका शिक्षकांनी मोबाईलवर पत्ता लिहिला होता 'लोकलहोस्ट'. माझ्या पडद्यावर त्यांनी तोच बघितला होता, त्यांची काय चूक? लोकलहोस्ट म्हणजे १२७.०.०.१, म्हणजे 'मी स्वतः'. संगणकावर लिहिलं तर संगणक, मोबाईलवर लिहिलं तर मोबाईल. संगणकाचा शाळेतला खरा पत्ता 'होस्टनेम' आज्ञेला उणे आणि मोठा आय जोडून मिळतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो.

हा पत्ता राउटर वाटतो, आणि लाइट जाऊन आली की तो बदलू शकतो. आमच्याकडे पावसाळ्यात लाइट किती वेळा जाते ते विचारू नका. एकदा सगळ्या वर्गांच्या फळ्याच्या कोपऱ्यात पत्ता लिहून ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी तो शिळा झाला. राउटरच्या सेटिंगमध्ये या संगणकासाठी पत्ता राखून ठेवणं हाच यावरचा कायमचा इलाज.

संगणकावरच ऐकू येतं पण मोबाईलवर नाही, असं झालं तर आधी फायरवॉल बघा. 'यूएफडब्ल्यू' चालू असेल तर 'सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ८०००/टीसीपी' असं म्हणून दार उघडा. मग मोबाईल खरोखर शाळेच्या वायफायवर आहे का ते बघा. ज्या वायफायला इंटरनेट नाही ते सोडून अँड्रॉइड फोन गुपचूप मोबाईल डेटाकडे वळू शकतो. आमचा रेडिओ शाळेबाहेर जातच नाही, त्यामुळे मोबाईल डेटावरून तो सापडणार कसा? परिपाठापुरता डेटा बंद ठेवायचा. काही राउटरमध्ये पाहुण्यांच्या वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशी सोय असते. तिथेही रस्ता तुटतो.

आवाज तुटक येत असेल तर लगेच राउटरला दोष देऊ नका, आधी गुणाकार करा. ६४ केबीपीएस गुणिले बारा वर्ग म्हणजे ७६८ केबीपीएस, एक एमबीपीएससुद्धा नाही. कुठलंही वायफाय एवढं झेपवतं. मग तुटतं ते बहुधा शेवटच्या वर्गांत, जिथे सिग्नल पोचतच नाही. तिथे दर कमी करून फरक पडत नाही, राउटर हलवून पडतो. बोलण्यासाठी एक चॅनेल आणि ६४ केबीपीएस पुरेसे आहेत, १२८ चा हट्ट नको.

राष्ट्रगीताचा पेच

सगळं सुरळीत झाल्यावर एक अडचण राहिली, जिला बिघाड म्हणता येत नाही. संगणक कक्षात बोललेलं वर्गात सात-आठ सेकंदांनी ऐकू येतं, आणि प्रत्येक वर्गात थोडं वेगवेगळ्या वेळी. याचं एक कारण आइसकास्टच्या सेटिंगमध्येच आहे. नवा श्रोता जोडला गेला की त्याला ताटकळत ठेवू नये म्हणून आइसकास्ट नुकताच गेलेला काही डेटा एकदम देतं. मूळ सेटिंगमध्ये तो ६५,५३५ बाइट असतो. आपला वेग सेकंदाला ८,००० बाइट. भागाकार केला तर ८ सेकंदांहून थोडं जास्त. म्हणजे श्रोता सुरुवातच आठ सेकंद मागून करतो. त्यात प्रत्येक मोबाईलचा प्लेअर स्वतःचा साठा करतो, तो वेगळाच. हा आकडा कमी केला तर उशीर घटतो, पण आवाज सुरू व्हायला वेळ लागतो आणि जरासं वायफाय अडखळलं की खंड पडतो.

सुविचाराला आठ सेकंदांचा उशीर चालतो. राष्ट्रगीताला चालत नाही. पहिल्या आठवड्यात एक वर्ग शेवटच्या ओळीवर आणि शेजारचा अजून मधल्या ओळीवर, व्हरांड्यात नुसता गोंधळ. मी दोन दिवस तो आकडा कमी-जास्त करत बसलो. शेवटी मुख्याध्यापकांनी विचारलं, "घंटा आहे ना आपल्याकडे?" तेव्हापासून राष्ट्रगीत घंटेवर होतं, प्रत्येक वर्ग स्वतः म्हणतो. रेडिओवर बातम्या, दिनविशेष, बोधकथा. मला वाटतं हेच योग्य आहे.

त्या सहावीतल्या मुलीला मी पुन्हा विचारलं तेव्हा ती आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "सर, आधी वर्गात जाऊन बघून या ना, ऐकू येतं का." मी तिलाच पाठवलं. तिच्या मैत्रिणीने माईकसमोर एक ते दहा म्हटलं आणि ती वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या वर्गात जाऊन ऐकून आली. तेव्हापासून रोज परिपाठाआधी एक मूल माईकसमोर आकडे म्हणतं आणि दुसरं लांबच्या वर्गात जाऊन ऐकतं. फाइल वाजवून चाचणी घेणं आम्ही बंद केलं. दोन दिवसांनी तिने दिनविशेष वाचला. कागद तोच होता, तारीख खोडून वर नवी लिहिलेली.

स्वाध्याय

१. बटची पट्टी हलते आहे, 'जोडलेले आहे' असं दिसतं आहे, आइसकास्टच्या पानावर श्रोते मात्र शून्य आहेत. वाटेचा कोणता भाग तपासण्याची गरज नाही?

२. दर १२८ केबीपीएस केला आणि ६५,५३५ बाइटची सेटिंग तशीच ठेवली, तर सुरुवातीचा उशीर किती सेकंद होईल? वाढेल की घटेल, आणि का?

३. माईकचं रेकॉर्डिंग 'एप्ले'ने नीट ऐकू येतं, बटची पट्टी निपचित आहे. कोणतं साधन उघडाल आणि त्यात नेमकं काय वाचाल?

४. संगणक कक्षातच एक स्पीकर लावून तिथे हा रेडिओ वाजवला, माईक जवळच आहे. वर्गांत काय ऐकू येईल? आधी कागदावर लिहा, मग करून बघा. फक्त शाळा सुटल्यावर.